मस्टरवर नसलेली नावं : अमेरिकेचा पश्चिम मुलांना कसा समजावून सांगावा

१० मे १८६९. युटामधल्या प्रोमोंटरी नावाच्या उजाड माळावर एक फोटो काढला गेला. दोन वाफेची इंजिनं समोरासमोर उभी आहेत, मधोमध दोन माणसं हातात हात घेऊन उभी आहेत, इंजिनावर चढलेल्या एकाने बाटली पुढे केली आहे, आणि दोन्ही बाजूंना हॅट घातलेल्यांची गर्दी. अमेरिकेच्या पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रूळ त्या दिवशी एकमेकांना भिडले. इथल्या शाळांमध्ये हा फोटो पाहिला नाही असं मूल विरळाच.

मी सॅक्रामेंटोजवळ रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. पश्चिमेकडचा रूळ याच गावातून निघाला होता. मुलं आपल्या शाळेतला इतिहासाचा प्रकल्प घेऊन येतात तेव्हा मी हा फोटो टेबलावर ठेवते आणि एकच गोष्ट सांगते : पश्चिमेकडून रूळ टाकणाऱ्या दर दहा मजुरांपैकी नऊ चिनी होते, आता या गर्दीत चिनी चेहरा शोधा. मुलं फोटोला नाक लावून शोधतात. सापडत नाही. मग त्यांचा स्वतःचाच प्रश्न येतो, ‘मग ते गेले कुठे?’ माझ्या अनुभवात, पश्चिमेचा इतिहास मुलांच्या मनात शिरतो तो इथून.

‘फ्रंटियर’ हा शब्द आधी सोडवून घेऊ, कारण मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही. सरहद्द म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन देशांमधली ठरलेली रेघ येते. अमेरिकन फ्रंटियर ही ठरलेली रेघ नव्हती, ती वस्तीची सरकती कड होती. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून मिसिसिपीच्या पलीकडचा अफाट मुलूख विकत घेतला, १८४८ मध्ये मेक्सिकोकडून युद्धात कॅलिफोर्नियासह आणखी एक मोठा तुकडा मिळवला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि माणसांचे लोंढे सुरू झाले. १८९० च्या जनगणनेनंतर सरकारने सांगितलं की आता अशी कड नकाशावर दाखवता येत नाही, वस्ती सगळीकडे विखुरली आहे. तीन वर्षांनी फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने शिकागोत एक निबंध वाचला. अमेरिकन माणसाचा स्वभाव, त्याची लोकशाही, त्याचा स्वावलंबी बाणा या कडेवरच घडला, असं त्याचं म्हणणं होतं.

हे चित्र इतकं देखणं होतं की ते पाठ्यपुस्तकांत आणि सिनेमांत घर करून बसलं : एकटा माणूस, एक नांगर किंवा एक घोडा, आणि पुढे मोकळी जमीन. मला ते अपुरं वाटतं. पश्चिम वसला तो सरकारी कायद्यांमुळे, रेल्वे कंपन्यांच्या भांडवलामुळे आणि लाखो लोकांच्या रोजच्या मजुरीमुळे. म्हणून मुलांना मी वीरांपासून सुरुवात करून देत नाही, कागदांपासून करून देते. कामाच्या मस्टरवर कोणाचं नाव आहे? जमिनीच्या दाखल्यावर कोणाचं? आणि नागरिकत्वाच्या अर्जावर कोणाला सही करता येत होती? हे तीन कागद शेजारी ठेवले की खूप काही आपोआप दिसतं.

टोळीचं एकच नाव

१ जुलै १८६२ रोजी, गृहयुद्ध चालू असतानाच, अमेरिकन संसदेचा रेल्वेचा कायदा झाला. युनियन पॅसिफिक कंपनीने पूर्वेकडून यायचं, सेंट्रल पॅसिफिकने सॅक्रामेंटोहून निघायचं, आणि जितके मैल रूळ पडतील तितकी सरकारकडून जमीन आणि कर्जाची हमी मिळायची. पूर्वेच्या बाजूला आयरिश स्थलांतरित आणि युद्धातून सुटलेले सैनिक कामाला होते. तिथे सपाट गवताळ मैदान होतं. सेंट्रल पॅसिफिकसमोर मात्र सुरुवातीलाच सिएरा नेवाडाची भिंत उभी होती, निव्वळ ग्रॅनाइटची.

गोरे मजूर भरती व्हायचे आणि पगार हातात पडला की सोन्या-चांदीच्या खाणींकडे निघून जायचे. तेव्हा कंपनीने चिनी मजुरांकडे मोर्चा वळवला. १८६५ पासून त्यांची भरती जोरात सुरू झाली आणि एका वेळी दहा हजारांहून जास्त चिनी लोक कामावर राहू लागले. बहुतेक जण दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातले, शेतकरी घरांतले तरुण.

त्यांच्या कामाची रचना मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ऊसतोडीची टोळी डोळ्यांपुढे आणा. बारा ते वीस जणांची टोळी, तिचा एक मुकादम, टोळीचा स्वतःचा स्वयंपाकी. कंपनी पैसे मुकादमाच्या हातात द्यायची आणि तो पुढे वाटायचा. म्हणून सेंट्रल पॅसिफिकच्या ज्या पगाराच्या वह्या आज शिल्लक आहेत, त्यांत पुष्कळदा मुकादमाचं किंवा ठेकेदाराचं नाव आणि पुढे कामाचे दिवस एवढंच आहे. बाकीची माणसं आकड्यात विरघळून गेली. त्यांच्यापैकी कोणाचं पत्र, कोणाची रोजनिशी आजवर हाती लागलेली नाही. कंपनीच्या चार मालकांपैकी एक लेलंड स्टॅनफर्ड. त्याने काढलेल्या विद्यापीठातच २०१२ मध्ये या मजुरांचा शोध घेणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. अभ्यासकांना वाट काढावी लागली ती मजुरांच्या जुन्या तळांवर सापडलेल्या वाडग्यांच्या खापऱ्यांवरून, नाण्यांवरून, आणि चीनमधल्या गावांत वंशजांनी जपलेल्या आठवणींवरून.

काम कसं चालायचं ते मुलांना हाताने करून दाखवावं. एक जण पोलादी पहार खडकावर उभी धरून बसतो, दोघे आळीपाळीने तिच्या डोक्यावर घण घालतात, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. भोक पुरेसं खोल झालं की दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. आपल्याकडे विहिरीचे सुरुंग लावणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलं. डोनर खिंडीतला शिखर-बोगदा १,६५९ फूट, म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीचा. पण दिवसभर खपून एका तोंडावर फूटभर पुढे सरकलं तरी पुष्कळ. म्हणून मधोमध वरून विहिरीसारखं एक भुयार खोदलं आणि दोन टोकं आणि मधून दोन्ही दिशांना अशा चार तोंडांवर एकाच वेळी काम लावलं. पुढे साधी दारू पुरेना तेव्हा नायट्रोग्लिसरीन जागेवरच तयार करून वापरलं. १८६६-६७ चा हिवाळा भयंकर होता. मजूर बर्फाखाली खणलेल्या वाटांतून राहत्या जागेहून कामावर जात. हिमकडे कोसळून किती माणसं गेली याचा पक्का हिशेब कोणी ठेवला नाही.

खाण्याची गोष्ट मुलांना फार आवडते. चिनी टोळ्या भात, सुकवलेले मासे, भाज्या असं आपलं जेवण रांधत आणि उकळलेल्या पाण्याचा चहा पीत. गोरे मजूर मिळेल ते पाणी प्यायचे आणि पोटाच्या आजारांनी हैराण व्हायचे. पाणी उकळून पिण्याच्या सवयीने कामाचे दिवस वाचत होते.

आता मजुरी. चिनी मजुराला महिन्याला साधारण ३० डॉलर मिळत, त्यातून जेवणाचा खर्च त्याचा त्यानेच करायचा. गोऱ्या मजुराला साधारण ३५ डॉलर, वर जेवण-राहणं कंपनीचं. वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला की चौथीतलं मूलही म्हणतं की फरक पाच डॉलरचा नाही, त्याहून खूप जास्त आहे. मजुरांनाही तो कळत होता. जून १८६७ मध्ये डोंगरातल्या सुमारे ३,००० चिनी मजुरांनी एकाच वेळी काम थांबवलं. मागणी महिना ४० डॉलरची आणि कामाचे तास कमी करण्याची होती. दंगा नाही, मोडतोड नाही, माणसं आपापल्या तळावर बसून राहिली. बांधकामाची सूत्रं चार्ल्स क्रॉकर या मालकाच्या हातात होती. त्याने वर जाणारी रसद तोडली. डोंगरात दुसरं अन्न नव्हतं. आठवडाभरात संप मोडला. चिनी मजूर निमूट, सांगेल ते करणारे होते, असं कुठे वाचलं तर मुलांनी हा आठवडा आठवावा असं मला फार वाटतं.

ज्या वर्षी सॅक्रामेंटोत या मार्गाची पहिली कुदळ पडली, त्याच वर्षी, १८६३ मध्ये, आपल्या बोरघाटातून रेल्वे धावू लागली. खंडाळ्याचे बोगदे फोडणाऱ्या हजारो हातांची नावं आपण तरी कुठे सांगू शकतो? मुलं सुट्टीत मुंबईहून पुण्याला रेल्वेने जातात तेव्हा मी त्यांना खिडकीतून बोगद्याची भिंत बघायला सांगते.

२८ एप्रिल १८६९ रोजी सेंट्रल पॅसिफिकने एका दिवसात दहा मैल रूळ टाकण्याचा विक्रम केला. त्या दिवशी रूळ उचलून ठेवणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावं नोंदवली गेली, आजही वाचायला मिळतात. त्यांच्याबरोबर राबलेल्या शेकडो चिनी मजुरांची नावं नोंदवली गेली नाहीत. आयरिश लोकांच्या घामाला मी कमी लेखत नाही. त्यांची नावं राहिली हे चांगलंच झालं. बाकीची का राहिली नाहीत, एवढाच प्रश्न आहे.

१६० एकरांचा दाखला

दुसरा कागद जमिनीचा. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाने १६० एकर सरकारी जमिनीवर अर्ज करायचा, पाच वर्षं तिथे राहून घर बांधायचं, जमीन कसायची, मग ती त्याच्या नावावर. एकूण शुल्क फक्त १८ डॉलर. सुमारे १६ लाख लोकांना अशा जमिनी मिळाल्या, देशाच्या एकूण भूमीच्या जवळपास दहा टक्के. सातबाऱ्यावर नाव लागण्याचा आनंद आपल्याला माहीत आहे, तेव्हा जर्मनी, स्वीडन, नॉर्वे, बोहेमियातली भूमिहीन माणसं समुद्र ओलांडून नेब्रास्का-डाकोटापर्यंत का आली ते सहज समजतं.

पण १८ डॉलरमध्ये मिळत होता तो फक्त कागद. बैल, नांगर, बियाणं, विहीर आणि पहिलं पीक येईपर्यंतचा दाणापाणी वेगळा. मैदानावर झाड नाही, म्हणजे लाकूड नाही. मग लोकांनी गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली जमीन नांगराने पट्ट्यांत कापली आणि त्या ढेकळांच्या विटा रचून घरं उभारली. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, पण पाऊस लागला की छतातून चिखल गळायचा, भिंतीतून साप आणि उंदीर निघायचे. सरपण म्हणून मैदानावर वाळलेलं रानगव्यांचं शेण गोळा करायचं. गोवऱ्या थापलेल्या आजीची नातवंडं हे ऐकून चकित होतात, कारण कोणत्याही काउबॉय सिनेमात त्यांनी चुलीत शेणी घालणारी बाई पाहिलेली नसते.

नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत सॉलोमन बुचर नावाचा माणूस १८८६ पासून घोडागाडीत कॅमेरा घालून अशा घरांचे फोटो काढत फिरला. एका फोटोत अंगणात, गुरांच्या मधे, ऑर्गन ठेवलेला दिसतो. घरातल्या बाईने तो बाहेर ओढायला लावला होता. पूर्वेकडच्या नातलग-मैत्रिणींना फोटो पाठवायचा होता, ऑर्गन दिसायला हवा होता आणि मातीचं घर दिसायला नको होतं. मला हा फोटो कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवतो. त्याच संग्रहात चार बहिणी आपल्या मातीच्या घरासमोर रांगेत उभ्या आहेत. या कायद्यात अविवाहित किंवा विधवा बाईला स्वतःच्या नावावर जमीन मागता येत होती, लग्न झालेल्या बाईला सहसा नाही. वयात आल्यावर त्या बहिणी एकामागून एक जमिनीचे अर्ज करत गेल्या.

हिशेबातली मोठी चूक पावसाची होती. पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशात १६० एकर भरपूर होते. पण साधारण शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला वीस इंचांहूनही कमी पाऊस पडतो, आणि तिथे तेवढ्याच जमिनीवर घर चालत नाही. माण-खटावच्या शेतकऱ्याने हे एका वाक्यात सांगितलं असतं. जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये सरकारला अहवाल देऊन नेमका हाच इशारा दिला होता. तेव्हा मात्र ‘नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो’ असं सांगणारेच जास्त होते, कारण रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या. त्यात १८७४ मध्ये टोळधाड आली. अर्ज केलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येने लोकांना पाच वर्षं पुरी करता आली नाहीत, आणि निघून गेलेल्यांचे फोटो आपल्याकडे फारसे नाहीत.

गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय लोकही या वाटेने आले. १८७७ मध्ये केंटकीतून आलेल्या काही कुटुंबांनी कॅन्ससमध्ये निकोडेमस नावाचं गाव वसवलं. राहायला जमिनीत खणलेली बिळवजा घरं होती, आणि पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी मांस दिलं म्हणून माणसं जगली, असं तिथे सांगतात. १८८८ मध्ये रेल्वेमार्ग गावाला वळसा घालून गेला आणि गाव हळूहळू ओस पडलं. निकोडेमस वसल्यावर दोन वर्षांनी, १८७९ मध्ये, दक्षिणेतल्या जुलमाला कंटाळून हजारो कृष्णवर्णीय कॅन्ससकडे निघाले होते, त्यांना ‘एक्झोडस्टर’ म्हणतात.

काउबॉयबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याच्याबद्दल सगळे बोलतच असतात. तो गुराखी होता, महिना २५ ते ४० डॉलरवर दुसऱ्याची गुरं टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत हाकणारा. साधारण चारातला एक कृष्णवर्णीय होता, पुष्कळसे मेक्सिकन. लासो, रोडिओ, रँच हे शब्द स्पॅनिशमधून आलेत. १८८३ मध्ये टेक्सासात काउबॉयनीही पगारासाठी संप केला होता.

मोकळी जमीन म्हणजे काय

मुलांना गायरान ठाऊक नसतं, आईवडिलांना असतं. सरकारदरबारी ती पडीक जमीन. पण गावाची गुरं तिथे चरतात, सरपण तिथून येतं, जत्रा तिथे भरते. १६० एकरांचे चौकोन आखले गेले त्या मैदानांवर पॉनी, ओमाहा, लकोटा, शायान अशा जमाती पिढ्यान् पिढ्या शिकार करत होत्या, नदीकाठी मका पिकवत होत्या. करारांनी आणि सैन्याने त्यांना ठरावीक क्षेत्रांत कोंडलं, मग ती क्षेत्रंही कमी झाली. १८६८ च्या करारात लकोटांना दिलेल्या ब्लॅक हिल्समध्ये १८७४ मध्ये सोनं सापडलं आणि काही वर्षांत ते डोंगर काढून घेतले गेले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची भरपाई मंजूर केली. जमातीने ते पैसे आजवर उचललेले नाहीत, त्यांना डोंगर परत हवेत. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींची सामाईक जमीन व्यक्तींच्या नावे तुकड्यांत वाटली आणि ‘उरलेली’ बाहेरच्यांना खुली केली. तेव्हा जमातींकडे सुमारे १३.८ कोटी एकर होते, १९३४ मध्ये सुमारे ४.८ कोटी उरले.

इथे शिक्षकाची खरी कसोटी असते. ऑर्गनवाल्या बाईचे कष्ट खरे आहेत, आणि तिच्या पायाखालची जमीन दुसऱ्याकडून हिसकावलेली होती हेही खरं आहे. मी दोन्ही नकाशे पारदर्शक कागदावर काढून एकावर एक ठेवते आणि मुलांना वेळ देते. एकाला दुष्ट आणि दुसऱ्याला बिचारं ठरवायची घाई मी त्यांना करू देत नाही. प्रश्न मात्र विचारते, हा कायदा कोणी केला, जमीन कोणाला मिळाली, आणि रेल्वेला किती.

तिसरा कागद

होमस्टेडची जमीन मागायला माणूस अमेरिकन नागरिक तरी हवा, किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने लिहून द्यायला हवा. आणि १७९० च्या कायद्यानुसार परदेशातून आलेल्यांपैकी नागरिक फक्त ‘गोऱ्या’ माणसालाच होता येत होतं. १८७० मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांना हा हक्क मिळाला, आशियाई लोकांना नाही. म्हणजे चीनहून येऊन शिखर-बोगदा फोडणाऱ्या माणसाला त्याच रुळाच्या कडेची १६० एकर जमीन मागण्याचा अर्जही करता येत नव्हता. तीन कागद शेजारी ठेवल्यावर हे दिसतं, सुटे वाचले तर दिसत नाही. १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी झाली आणि ती १९४३ पर्यंत टिकली. १८८५ मध्ये वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज इथे खाणीत काम करणाऱ्या २८ चिनी मजुरांना जमावाने ठार केलं.

मुलांना या गोष्टीत स्वतःची जागा सापडते ती इथे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी मजूर वॉशिंग्टन आणि ऑरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत आले. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावातून जमावाने त्यांना हुसकावून लावलं. पुढे काही जण कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत कापूस आणि भाजीपाला पिकवू लागले, पण १९१३ च्या राज्याच्या कायद्याने नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसाला शेतजमीन विकत घ्यायला मनाई केली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस ‘गोरा’ नाही असा निकाल दिला. नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६ मध्ये. त्या गिरणी मजुरांत मिसळणारा एक मराठी तरुण होता, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. ऑरेगॉनमध्ये ते शेतकी शिकत होते. १९१३ मध्ये मजुरांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे मेक्सिकोत मक्यावर आणि गव्हावर संशोधन करण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी मुलांना एकदा डोनर खिंडीत न्यावं. १९९३ पासून शिखर-बोगद्यातून गाड्या जात नाहीत, रूळ काढून टाकलेत, आत चालत जाता येतं. जवळच चिनी मजुरांनी दगडावर दगड रचून, चुन्याशिवाय उभी केलेली भिंत अजून तशीच आहे. बोगद्यात अंधार आणि थंडी असते, उन्हाळ्यातही स्वेटर आणि टॉर्च न्यावा. टॉर्च भिंतीला तिरका धरला की ग्रॅनाइटमध्ये पहारींच्या अर्धगोल खोबणी दिसतात. मुलाचं बोट त्यात बरोबर बसतं.